घट्ट पाणी

या, बसा. शोएबनं फोन करून सांगितलं होतं, मुंबईचे एक गृहस्थ माझा 'डोह' बघायला येतायत, आवडला तर विकतही घेतील. दाखवतो ना. पण त्याची काचेची पेटी आतल्या खोलीत आहे, तिथे माझी बायको झोपलीय आणि तिला आत्ता कुठे डोळा लागलाय. त्यात ही लाईट गेली. हा दिवा इथे मध्ये ठेवतो. ती उठेपर्यंत माझं ऐकून घ्या.

मी दातांचा डॉक्टर. माझ्या सासूबाईंच्या मते म्हणजे डॉक्टरच नव्हे. दुपारी पेशंट नसले की दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून बाहुल्या करायचो. तुम्ही-आम्ही त्यांना 'फिगर' म्हणतो, सहा इंची, बारा इंची अशी मापं सांगतो, पण तेजश्री, म्हणजे माझी बायको, तोंडावर बाहुल्याच म्हणायची. आणि आपण ज्याला डायोरामा म्हणून मिरवतो, त्याला गणपतीचा देखावा. "झाला का रे देखावा? आरतीला येऊ?" असं दारातून विचारायची, चहा ठेवायची आणि हसत वर निघून जायची. दवाखाना खाली आणि घर वर, त्यामुळे तिची ही थट्टा दिवसातून अनेकदा चालायची.

शोएबचं शिळफाट्याला खेळण्यांचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. दरवर्षी थंडीत तो तिथला एक लग्नाचा हॉल घेतो आणि आसपासचे सगळे वेडे गोळा करतो. कुणी रोबो आणतं, कुणी सैनिकांची अख्खी छावणी मांडतं. एकानं पावभाजीची गाडी केली होती, तव्यावरचे मटारसुद्धा दिसत होते. पोरं काचेला नाक लावून उभी असतात आणि त्यांचे बाप पोरांपेक्षा जास्त हरखलेले असतात. मला तिथे पहिलं बक्षीस कधी मिळालं नव्हतं. या वर्षी ते मिळवायचंच, असं डोक्यात घेतलं होतं.

कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला नदी एका कातळाला वळसा घालते. तिथे एक डोह आहे, फार कुणी जात नाही. दिवाळी झाल्यावर एका रविवारी लेणी बघून परतताना आम्ही तिकडे वळलो. तेजश्रीनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरली. एका हातानं ओढणी सावरतेय, डोळे उन्हानं बारीक झालेत, पोटऱ्यांपर्यंत हिरवं पाणी. मी मोबाईलवर फोटो काढतच सुटलो.

"अनुपम, आटप रे. पायाला काहीतरी गुदगुल्या करतंय."

"मासे असतील."

"असतील," ती म्हणाली, पण लगेच बाहेर आली.

तिथली थोडी वाळू आणि चार गोटे मी पिशवीत भरून आणले. आपल्यात पद्धतच आहे ही. ज्या जागेचा देखावा, त्या जागेची माती. रंग मारून तो पोत येत नाही.

मग तारेचा सांगाडा केला, त्यावर पुट्टी चढवली आणि दात कोरायच्या हत्यारांनी चेहरा काढला. आयुष्यात इतका चांगला चेहरा माझ्या हातून कधी उतरला नव्हता. तेजश्री बराच वेळ बघत राहिली. तिची थट्टा कुठल्या कुठे गेली. "माझ्यासारखी नाही रे दिसत," ती शेवटी म्हणाली, "मीच आहे ही." मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पाणी करायला रेझिन वापरतात. दोन बाटल्यांतला द्रव एकत्र ढवळायचा, हिरव्या रंगाचा थेंब टाकायचा आणि पातळ थर ओतायचा. तो रात्रभरात काचेसारखा टणक झाला की त्यावर पुढचा. घाई केली तर तापतं आणि तडकतं. एकदा घट्ट झालं की त्यातून काही बाहेर काढता येत नाही. काचेच्या पेटीत एका कडेला कातळाचा उंच काठ केला, तळाला वाळू आणि गोटे पसरले आणि त्यांत तेजश्रीची फिगर रोवून मी पहिला थर घोट्यांपर्यंत ओतला. सकाळी तेजश्री म्हणाली, पायांना मुंग्या आल्यात. दुसरा थर पोटऱ्यांपर्यंत गेला, तेव्हा ती जिना उतरताना कठडा धरायला लागली.

"म्हातारी झालीस," मी चिडवलं. तिनं मला उशी फेकून मारली.

मी तिथेच थांबलो. माझं पाणी पोटऱ्यांपर्यंतच होतं, जसं फोटोत होतं तसं. वरून झाकण बसवून पेटी बंद केली.

प्रदर्शनाच्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर गादी घालून पेटी नेली. तेजश्री शेजारी बसून ती धरून होती. हॉलमध्ये पोचल्यावर ती म्हणाली, मला एक खुर्ची दे, आज उभं राहवत नाहीये. टेबलामागे तिला बसवलं. गर्दी तर अशी झाली, की माझी मान ताठ झाली. लोक फिगरकडे बघायचे, मग मागे बसलेल्या तेजश्रीकडे बघायचे आणि हसायचे. तीही हसायची. दुपारी शोएब आला.

"डॉक्टर, पानी काय बनवलंय तुमी! लई भारी. पन वर कशाला नेलंत एवढं? ग्रुपवर फोटो टाकला व्हता त्यात पोटऱ्याच बुडाल्या व्हत्या."

मी हसलो. मग वाकून बघितलं. सलवारीची दुमड पाण्याखाली होती, गुडघे पाण्याखाली होते. मोबाईल काढून फोटो बघितला आणि परत पेटीत बघितलं. रेझिन सुकताना झालंच तर किंचित आकसतं, फुगत कधीच नाही. झाकण तर मी स्वतः बसवलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं. पहिलं बक्षीस. मी तेजश्रीला सोबत न्यायला वळलो, तर ती खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलेली.

"अनुपम... उठता येत नाहीये."

"पाय दुखतायत?"

"नाही."

"बधिर झालेत?"

"नाही रे. पाण्यात उभं असल्यासारखं वाटतंय. पण पाणी गार नाही..." ती इतक्या हळू बोलत होती, की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "घट्ट आहे."

हॉलमध्ये टाळ्या चालू होत्या. मी आणि शोएबनं तिला खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं. लोकांना वाटलं, आम्ही बक्षिसाच्या आनंदात मिरवणूकच काढली. ते आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले.

त्यानंतर पनवेल झालं, मुंबई झाली. मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं. टाचणी टोचली की तिला कळतं, दुखतंही, पण पाय हलत नाही. रिपोर्ट सगळे स्वच्छ. एका डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही ताण आहे का? पेटीतल्या पाण्याचं हे दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं, तर मीही त्याला हाच प्रश्न विचारला असता. रोज सकाळी उठून आधी पेटीकडे जायचो. पाणी मांड्यांवर आलं, मग कमरेवर. चढताना कधी दिसलं नाही. एकदा दिवसभर समोर खुर्ची टाकून बसलो, खालची बेल वाजली म्हणून क्षणभर मान वळवली, आणि परत बघितलं तर तिच्या कुडत्याचं आणखी एक बटण पाण्याखाली गेलं होतं.

तुम्ही मघापासून काय विचारायचं म्हणताय ते कळतंय मला. फोडून का टाकत नाही? प्रयत्न केला. पेटी खाली दवाखान्यात नेली, खुर्चीवरचा मोठा दिवा लावला आणि दाताला लावतो तीच ड्रिल मशीन घेऊन फिगरच्या पायाशी रेझिन कोरायला सुरुवात केली. माझा हात मुरलेला आहे, केसभर इकडे-तिकडे होत नाही. सुई जेमतेम आत गेली असेल, तोच वरून किंकाळी आली. मी सगळं टाकून धावलो. तेजश्री पलंगावर बसलेली, घामानं न्हालेली.

"थांबव... थांबव ते."

"लागलं का गं?"

"मला नाही लागलं." तिनं माझी बाही पकडली. "ज्यानं धरलंय ना मला... ते घाबरलं. त्यानं अजून आवळून धरलं."

खाली येऊन मी दात बघायचा छोटा आरसा घेतला आणि पेटीच्या काचेला लावून आत बघितलं. तेजश्रीच्या ओढणीचं टोक मी पाण्यावर तरंगतं ठेवलं होतं, सैल, झुळुकीनं पसरल्यासारखं. ते टोक आता सरळ खाली गेलं होतं, वाळूत घुसलं होतं, आणि ओढणी दोरीसारखी ताणलेली होती. मी आरसा खाली ठेवला. पुन्हा मशीन हातात घ्यायचं माझं धाडस झालं नाही.

शोएब येत असतो. डब्यात काहीबाही घेऊन येतो, तेजश्रीशी दुकानातल्या गमती बोलतो आणि जिन्यात जाऊन डोळे पुसतो. तोच एकदा म्हणाला, "डॉक्टर, वाळू जिथली हाय तिथंच नेऊन सोडू या पेटी. अल्ला मालिक." मला ते पटलं होतं. पण तेजश्रीनं आतून ऐकलं. "नको," ती म्हणाली, "तिकडे नेऊन टाकलंत, तर मी एकटी पडेन. इथे निदान तू दिसतोस." मग मी पेटी तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर आणून ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहे.

पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा मी हात टेकले. तिचा आवाज बारीक झाला होता. श्वास व्यवस्थित चालतो, असं सगळे सांगत होते, पण प्रत्येक श्वासाला ती कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी थांबायची. मी रडायचो, हो, तिच्यासमोरच. माणसाला काहीतरी करायला लागतं हो. नुसतं बसून बघवत नाही. मग मला जे एकच येतं ते मी केलं. स्वतःची फिगर केली. काठावरच्या कोरड्या कातळावर ओणवा झालेला मी, उजवा हात तिच्याकडे पुढे केलेला. कपडे आता अंगावर आहेत हेच, पायात रोजच्या चपला. चपला काही वेगळ्या केल्या नाहीत, पायांसकट एकाच पुट्टीत कोरल्या. झाकण उघडून फिगर कातळाला पक्की चिकटवली. माझा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता, मध्ये बोटभर अंतर राहिलं. मुद्दामच ठेवलं. भीती वाटली मला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सकाळी अंतर नव्हतं. ओढणी सावरणारा तिचा हात वर आला होता आणि माझ्या हातात होता.

त्या दिवशी तेजश्री पोटभर जेवली. कितीतरी आठवड्यांनी दुपारची गाढ झोपली. पाणी छातीवरच थांबलं, तसूभरही चढलं नाही. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी एका पेशंटच्या दाताला हात घातला आणि आरसा गळून पडला. उजवा पंजा मिटलाय तो मिटलाच. कुणीतरी धरल्यासारखा. आधी वाटलं, मी तिला वर खेचतोय. आता कळतंय, ओढ त्या बाजूनं आहे. तेजश्री ओढत नाहीये, हे मला शपथेवर ठाऊक आहे. ती फक्त धरून आहे. आणि मी काही हात सोडवून घेणार नाही.

म्हणून शोएबकरवी तुम्हाला बोलावून घेतलं. 'डोह' विकायचा नाहीये. शोएबला खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही, विकायचाय एवढंच म्हटलं, तो फार हळवा आहे. पण आमच्यामागे कुणीतरी ही पेटी नीट ठेवायला हवी. फोडू देऊ नका, कापू देऊ नका. उजेडात ठेवा. तुम्ही या छंदातले आहात, तुम्हाला काच पुसायची सवय असेल.

आज सकाळचं सांगतो आणि मग आत जाऊ. उठून पेटीत बघितलं. कातळावर माझ्या चपला होत्या, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. त्यांत पाय नव्हते. माझी फिगर कातळावरून तिच्या दिशेनं एक पाऊल खाली उतरून, पाण्यात घोट्यांपर्यंत उभी होती. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. तेजश्री जागी होती.

"आलास?" ती म्हणाली. "हळू ये. दगड निसरडे आहेत."

तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. ती पेटीकडे बघत बोलत होती.