दीड लिटर ऑइल

माणसाने किती साळसूद असावं, याला काही माप? रोज साडेचारला माझ्या गॅरेजात यायचं, माझ्याच खुर्चीवर बसायचं, चहात टोस्ट बुडवून खायचा, आणि गाडीचं काम निघालं की गाडी न्यायची नदीपलीकडच्या त्या बाईकडे. वर मलाच सांगायचं, तिचा हात फार हलका आहे हो.

हे आमचे दातांचे डॉक्टर. वय बासष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, दवाखाना मुलीच्या हवाली. गाडी युरोपातली, दोन सीटची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे टबात उतरायचं. ओळख झाली तीही या गाडीमुळेच. बारीक पाऊस होता, आणि ती माझ्या फाटकासमोर बंद पडली. मी तरातरा गेले, पुढचं झाकण उघडलं... तर आत एक बॅग आणि बुटांचा जोड.

"इंजिन मागे असतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"माहीत आहे. सामानाला जागा किती ते बघत होते."

हसू येऊ नये म्हणून त्यांनी मिशी दाताखाली धरली — ते मी पाहिलं. मग खिशातून दात बघायचा तो इवलासा आरसा काढून त्यांनी इंजिनामागे धरला. निसटलेली वायर दिसली, मी ती दाबून बसवली. बोटाला बोट लागलं, एवढंच. पण त्या दिवशी हात धुताना त्या बोटाला साबण लावायचा राहून गेला.

तेव्हापासून रोजचं येणं, आणि रोजचं भांडण. माझी गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची, आमचे हे मागे ठेवून गेले ती. बोनेट उघडलं की आत माणूस उभा राहील, सगळं हाताशी. कान देऊन कार्ब्युरेटर जुळवला की झालं. पेट्रोल ढोसते, पण दुखलंखुपलं तर ओरडून सांगते. त्यांच्या डब्याचं मात्र एक नळी बदलायची तर अर्धं इंजिन खाली उतरवा. डॉक्टर म्हणायचे, तुमची गाडी सरळ रस्त्यावर राणी, वळण आलं की विचार करत बसते. मी म्हणायचे, तुमची खड्डा बघूनच रडायला लागते. सून आतून विचारायची, आई, हे भांडण आहे ना नक्की?

एकदा भांडता भांडता ते थांबले. म्हणाले, "तुम्ही डावीकडूनच चावता. उजवी दाढ कधीपासून दुखतेय?"

आमचे हे तीस वर्षं समोर बसून जेवले. त्यांना कधी दिसलं नव्हतं ते...

आता अशा माणसाने दुसरीचं कौतुक करावं? मी एक दिवस उठले आणि नदीपलीकडे जाऊन तिला बघूनच आले. वर्कशॉपची फरशी आरशासारखी. बाई पन्नाशीच्या आतली, अंगात पांढरा कोट, हातात रबरी मोजे, पुढ्यात कॉम्प्युटर. नवरा नाही, हे मी शेजारच्या टायरवाल्याकडून काढून घेतलं. ती गोड हसून म्हणाली, डॉक्टरसाहेबांची गाडी म्हणजे आमच्या घरचीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर दोन दिवस परगावी गेले. त्या बाईकडून नुकतीच सर्व्हिस होऊन आलेली गाडी माझ्या छपराखाली ठेवून गेले. ते परतायच्या सकाळी माझ्याने राहवेना. ऑइल मोजायची काठी, ती डिपस्टिक, ओढली... कोरडी ठणठणीत. खोटं कशाला सांगू, मला लॉटरी लागल्यासारखं झालं. बाईसाहेबांनी जुनं ऑइल काढलं आणि नवं भरायलाच विसरल्या! मी माझ्या डब्यातलं चांगलं दीड लिटर ओतलं. मान वर केली तर डॉक्टर मागे उभे. काठी त्यांच्या नाकासमोर नाचवली.

"बघा तुमच्या हलक्या हाताचं काम."

त्यांनी काठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. म्हणाले, "बरं."

गाडी सुरू केली मात्र — धुराने रस्ताच दिसेना. सून ओली गोधडी घेऊन धावली. डॉक्टर तसेच धूर सोडत नदीपलीकडे गेले.

दुपारी पांढऱ्या कोटाचा फोन. गोड आवाजात तिने मला शिकवलं. या गाडीचं ऑइल इंजिनाखाली नसतं, त्याला वेगळी टाकी असते. गाडी तापवून, चालू ठेवून मोजायचं. थंड गाडीची काठी कोरडीच निघते. जादा ऑइल तिने काढलं, नुकसान काही नाही. चाळीस वर्षं मी गाडी बंद करून मोजत आले, मला कसं कळावं? पण ती पुढे म्हणाली, डॉक्टरसाहेब तर दर रविवारी स्वतः मोजतात, त्यांनी तुम्हाला थांबवलं कसं नाही?

चार दिवस साडेचार वाजले आणि गेले. सून दोन कप आणायची, एक परत न्यायची. बोलायची नाही, हे तिचे उपकार. फोन करायला मी काही गेले नाही. पण फाटकाशी कुणाची गाडी थांबली की हातातला पाना थांबायचा.

पाचव्या दिवशी डॉक्टर चालत आले.

"माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग मुकाट बघत का राहिलात?"

ते बुटांकडे बघत म्हणाले, "तुम्ही इतक्या तावातावाने ओतत होतात... माझ्यासाठी कुणी एवढं चिडलंय, हे नऊ वर्षांनी बघत होतो. म्हटलं, गाडी काय, दुरुस्त होते."

"आणि हे चार दिवस?"

"वाटलं, बोलवाल."

"मी कुणाला बोलवत नसते."

"तेच कळलं. म्हणून आलो." मग घसा साफ करून म्हणाले, "यापुढे गाडी तुमच्याकडेच ठेवतो. तिकडे नाही नेणार."

हेच तर मला हवं होतं इतके महिने. सून ट्रे धरून दारातच खिळलेली. मी माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. हे हात त्या नाजूक गाडीला महिन्याभरात मारतील, आणि हा शहाणा तेव्हाही 'बरं'च म्हणेल.

"गाडी तिच्याकडेच न्यायची," मी म्हटलं. "तिला त्यातलं कळतं, मला नाही. पण काम होईस्तोवर तिथे रेंगाळायचं नाही. गाडी टाकायची, बस पकडायची आणि घरी यायचं. घरी म्हणजे इथे."