नायिकेच्या लग्नाचा ठराव

रविवारी दुपारी चार वाजता श्रीरामपूरच्या एका शाळेच्या पटांगणात नाटकाच्या भागधारकांची सभा सुरू झाली. साल एकाहत्तर, महिना फेब्रुवारी. विषय एकच – शेवटी नायिकेचं लग्न लावायचं की नाही.

नाटक दीना साळवेचं. ती याच शाळेत शिकवायची. फिलिप तिला भेटला तो एसटीत. ती संवाद पुटपुटत होती, "मला अडवू नका!" शेजारच्या फिलिपने घाबरून पाय आत घेतले. मग दोघंही हसले... आणि तिने सांगून टाकलं, नाटक लिहून तयार आहे, पैसा लावायला कोणी नाही.

फिलिप साखर कारखान्याच्या शेअर खात्यात कारकून होता. तो म्हणाला, "कारखान्याचं धुराडं उभं राहायच्या आधीच लोकांनी आमचे शेअर घेतले. नाटकाचे का घेणार नाहीत? चाललं तर तिकिटांतला वाटा. पडलं, तर सगळ्यांचंच पडलं."

"तुम्ही नेहमी असं अनोळखी बाईला धंद्यात ओढता?"

"नाही. पहिल्यांदाच."

हिवाळाभर दोघं सायकलींवरून गावोगाव हिंडले. ती एक प्रवेश करून दाखवायची, तो शेअर विकायचा. बोलणं अहो-जाहोत, पण परतताना सायकली अगदी लागून चालायच्या. चढावर तो मुद्दाम मागे राहायचा. तिला ते कळायचं.

चूक फिलिपची होती. कारखान्याचे नियम त्याने जसेच्या तसे उचलले – एका सभासदाला एक मत, सभेचा ठराव अंतिम. आणि लेखिकेला शेअर द्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आता नाटकाचा शेवटही सभाच ठरवणार होती.

"शेवटी पोरगी एकलीच नर्स व्हायला गाडीत बसती?" सभेत भाजीवाली लंकाबाई उठली. "आमी काय रडायला पैसं दिलं व्हय?"

पटांगण हसलं. दीना उभी राहिली.

"बाई, तुमी सभासद न्हाई. बसा," अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले.

तिने फिलिपकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता.

"माझा शेअर यांच्या नावावर करा," तो म्हणाला.

"घरच्याच मानसाच्या नावावर हुतो. नियम तूच वाचलास. ह्या तुझ्या कोन?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"अजून... कोणी नाही. पण त्यांची हरकत नसेल, तर –"

कोणीतरी शीळ घातली. "घ्या! लगीन तर हितंच जमलं की!" लंकाबाई ओरडली.

दीनाची कानशिलं तापली. ती त्याच्याजवळ गेली. आवाज हळू, पण धारदार.

"हे तुम्ही मला विचारताय, की मताची सोय करताय?"

"दोन्ही."

"आज मी हो म्हटलं, तर माझी नायिका हरली. कळतंय का तुम्हाला?"

"आणि नाही म्हटलं तर?"

तिची बोटं पदराचं टोक पिळत होती.

"मी प्रश्न मागे घेतो," फिलिप म्हणाला. "सभेतला. दुसरा... तो उद्या विचारतो. इथे नाही, बाहेर."

"उद्या शाळा आहे."

"शाळा सुटल्यावर."

"सुटल्यावर वह्या तपासायच्या असतात," ती म्हणाली. पण तिथून हलली नाही.

आप्पासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "लगीन व्हावं म्हननाऱ्यांनी हात वर करा."

एक हात वर गेला, मग चार, मग ओळीच्या ओळी. फिलिपने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. दीना फक्त त्या हातांकडे बघत होती.

सव्वापाच वाजता मोजणी चालू होती.