पांढरा साका

विठ्ठल गेल्याचा फोन छायाला सकाळी सात वाजता आला. तिला आधी दुःख झालं नाही. आधी शंका आली.

छाया लिंबायत या कापडाच्या लूमच्या भागातल्या एका वस्तीची आशा कार्यकर्ती. २०२१चा एप्रिल चालू होता. घरीच ठेवलेल्या कोरोना पेशंटांचा ताप आणि ऑक्सिजन मोजत दारोदार फिरणं हे तिचं काम. परवाच तिनं विठ्ठलच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं होतं. सत्त्याण्णव. ताप नाही, धाप नाही. लूमवर परत कधी जाऊ म्हणून तो मागं लागला होता. असा माणूस दोन दिवसांत कोरोनानं जातो?

ती पोचली तेव्हा शववाहिनी गल्लीच्या तोंडाशी यायची होती. बायका तोंडाला पदर लावून लांब उभ्या होत्या. आत ओकारीचा आंबूस वास कोंदला होता. मास्क दाबून धरत ती खोलीभर फिरली.

माठ कोरडा होता. उशाशी पाण्याचे तीन रिकामे तांबे. मोरीत, जिथं विठ्ठल रात्री-अपरात्री लघवीला बसायचा, तिथं मुंग्यांची काळी रांग लागली होती. आणि फळीवर एक तपकिरी बाटली, बोटभर काढा उरलेली. तळाशी पांढरा साका बसला होता. बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर बॉलपेननं लिहिलं होतं : ‘१-०-१, हलवून.’

विठ्ठलची बायको जयश्री उंबऱ्यात बसली होती. छाया तिच्यापुढं उकिडवी बसली.

“जयश्री, त्याला शुगर होती ना?”

“व्हती. गोळ्या चालू व्हत्या. दर महिन्याले योगराजभाईना मेडिकलमधून मीच लयी ये.”

“आणि काढा?”

“तोबी तठूनच. भरेल बाटली मिळे. एक दिवसमा ताप उतरी गया, ताई. भूक तर अशी लागे, सहा-सहा भाकरी खाये.”

“कालचा दिवस कसा गेला?”

“नुसता झोपेल व्हता. बरळे. पानी माग, पानी माग.” तिनं डोळे पुसले. “शेजारना बोलनात, काढा रोग बाहेर काढी ऱ्हायना. दवाखानामा नेशी तर प्लास्टिकमा बांधेल परत यी.”

त्याच शेजारणी आता पंधरा फुटांवरून मान हलवत होत्या. छायानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. बाटली पिशवीत घालून ती निघाली.

मारुतीच्या देवळापुढं बन्सीलाल बाबांचा काढा उकळत होता. बाबा म्हणजे लूमवरचे निवृत्त मुकादम, सत्तरीचे. लॉकडाऊन लागल्यापासून रोज सकाळी तुळस, गुळवेल, आलं, मिरी घालून पातेलं चढवायचे आणि फुकट वाटायचे. पुढं शे-दीडशे माणसांची रांग. मास्क हनुवटीवर, एकमेकांना खेटून. एकानं पातेल्याशेजारीच पिंक टाकली. खाली पडलेला ग्लास दुसऱ्यानं तसाच उचलून पुढं केला. छायाला शिसारी आली.

“बाबा, काढा गाळता कशातून?”

“तीनपदरी धोतरातनं. काडीसुद्धा उतरत नाही.”

“तुम्ही पिता?”

“सगळ्यांच्या आधी. दोन ग्लास.”

“तुम्हालाही शुगर आहे. बोट द्या.”

शुगरच्या यंत्रावर एकशे बेचाळीस आलं, फार नाही. छायानं तपकिरी बाटली दाखवली. “हे अक्षर तुमचं?”

बाबा हसले. “माझा अंगठा चालतो, पोरी. जे घरी पडलेत त्यांच्यासाठी एक कॅन मी योगराजच्या मेडिकलवर पाठवतो. पुढचं त्याला ठाऊक.”

योगराज काचेमागं बसला होता. तोंडावर दोन मास्क, हातात सॅनिटायझर.

“अरे छायाबेन, त्या झाडपाल्याचं मला काय विचारता?” तो म्हणाला. “अडाणी लोक गवत उकळून पितात. मी लस घेऊन मोकळा झालो.”

“मग कॅन इथं का?”

“वस्तीला नाराज कशाला करायचं? कोपऱ्यात ठेवतो. ज्याला पाहिजे तो आपल्या भांड्यात भरून नेतो. मी हातसुद्धा लावत नाही.”

छायानं शुगरचं यंत्र घेतलं आणि विचारत विचारत अशी बाटली आलेली चार घरं केली. मालतीबाईंच्या बोटाचा आकडा चारशे साठ आला. दुसऱ्या घरात आकडा यंत्राच्या मर्यादेपलीकडं गेला. चारही जण म्हणाले, ताप एका दिवसात गेला, भूक खवळली, तहान भागत नाही. छायानं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावून आकडे आणि बाटलीतला साका सांगितला. ते म्हणाले, “ॲम्ब्युलन्स पाठवतो. तू पोलिसांना घेऊन दुकानावर जा.”

दुपारी दुकानापुढं गर्दी जमली. बन्सीलाल बाबाही आले. हवालदारानं दुकानाच्या मागची खोली उघडून एक खल आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची गोणी बाहेर आणून ठेवली. खलात पांढरी भुकटी होती.

“पातेल्यातला काढा स्वच्छ आहे,” छाया म्हणाली. “बाबांना शुगर आहे, ते रोज दोन ग्लास पितात, त्यांना काही नाही. बाटलीतला पिणाऱ्यांची मात्र शुगर भडकली. म्हणजे काढ्यात जे पडलं ते इथं आल्यावर पडलं. तीनपदरी धोतरातून गाळलेल्या काढ्याच्या तळाशी पांढरा साका बसत नाही. तो हलवूनही प्यावा लागत नाही. आणि ‘एक-शून्य-एक’ असं डोसाला कोण लिहितं? औषधवाला. योगराजभाई, तुम्ही म्हणालात लोक आपल्या भांड्यात भरून नेतात. जयश्रीला भरलेली बाटली मिळत होती. वर तुमचं अक्षर होतं, तुमच्या बिलांवर असतं तेच.”

“काय घातलं होतं त्यात?” बाबांनी विचारलं.

“स्टेरॉइडच्या गोळ्या, कुटून. या पाकिटांवरच लिहिलंय. ताप झटक्यात उतरतो, भूक लागते. पण शुगरवाल्याचं रक्त पाकासारखं होतं. विठ्ठलच्या लघवीला मुंग्या लागल्या होत्या. तो कोरोनानं नाही गेला.”

योगराजनं मास्क खाली ओढला. “गोळी म्हणून दिली असती तर यांनी घेतली असती? काढा म्हटलं की डोळे मिटून पितात. माणसं उठून चालायला लागली की नाही? पार नवागामहून लोक माझ्या काउंटरवर यायला लागले. एखाद्याला शुगर असेल, ते मला कसं कळणार?”

“विठ्ठलच्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला तुम्हीच मोजून देत होतात.”

हवालदारानं योगराजच्या दंडाला धरलं. बन्सीलाल बाबा दुकानाच्या पायरीवर बसले. आपल्या पातेल्याच्या नावावर हे खपलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. जयश्री तिथं नव्हती. ती स्मशानाबाहेरच्या रांगेत होती.

मालतीबाईंना ॲम्ब्युलन्समध्ये चढवून छाया वळली, तेव्हा गर्दीतला एक माणूस जवळ आला. चांगला शिकलेला दिसत होता. हातात मोबाइल, अंगठा लिहायच्या तयारीत.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “त्या गोळीचं नाव काय होतं? आमच्या घरात कुणाला शुगर नाही.”

त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं कान देऊन उभे होते.

छायानं हातमोजे ओरबाडून काढले, रस्त्याकडेला वाकली आणि भडाभडा ओकली.