खांडीची हाक

दत्तात्रेयाचं काम तसं कुणाच्या नजरेत न भरणारं. टीव्हीवर माहितीपट लागला की लोक चित्रं बघतात, फार तर शेवटी दिग्दर्शकाचं नाव वाचतात. वारा कसा वाजला, पाणी कसं वाजलं, याची दखल कोण घेतो? पण ते वारं-पाणी टेपवर आणणारा माणूस हा. नोकरी मुंबईत, मूळ घर रोह्याला लागून असलेल्या वरश्यात, भातशेतीवाल्यांचं. कान इतका तिखट, की त्याची आई रंभाबाई सांगायची, "ह्याला चुलीवरचा भात शिजला का नाय ते ओटीवर बसून कळतं."

ही गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. मालूताई म्हणून एक बाई इतिहासाच्या पुस्तकांनी ज्यांना जागा दिली नाही अशा माणसांवर टीव्हीसाठी मालिका करत होत्या. बाई हट्टी आणि मनानं स्वच्छ. ही जोडी आपल्याकडे फार काळ नोकरीत टिकत नाही, पण त्या टिकल्या होत्या. एक भाग पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांवर करायचा ठरला. मंडळी रामवाडीच्या एका लॉजवर उतरली आणि रोज सकाळी जीपनं खाडीवर जाऊ लागली.

आता तुम्ही ती खाडी बघितली नसेल तर थोडं सांगायला हवं. समुद्राचं पाणी आणि माणसाची शेतं यांच्यामध्ये तिथं फक्त एक मातीचा बांध असतो. उधाणाला तो कुठं फुटला, की त्या भगदाडाला म्हणतात खांड. खारं पाणी आत शिरलं की पुढची काही वर्षं जमिनीकडं कपाळाला हात लावून बघत बसायचं. म्हणून तिथला रिवाज असा, की ज्याला खांड दिसेल त्यानं बांधावर उभं राहून हाक द्यायची. हाक ऐकली की घरटी एक माणूस चिखलाचं घमेलं घेऊन निघालाच पाहिजे, मग घरात लग्न असो की मयत. येताना आपल्या घराचं नाव सांगून 'आलो' म्हणायचं. खांड बुजली की कुणीतरी ओरडायचं, "भरली!" ते ऐकल्याशिवाय कुणी परतायचं नाही, आणि ऐकल्यावर मागं वळून बघायचं नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते या बांधावर दिसायचं.

ठमाबाई त्यांना तिथंच भेटली. सत्तरीला टेकलेली, मीठ वाहून डोक्याच्या मधले केस गेलेले, तळपायांना मिठाच्या चिरा. कॅमेरा सुरू झाला तशी ती पदर सावरून बोलायला लागली.

"माझी आय पुतली. आमी पोरं हुतो तवाची गोस्ट. गांधीबाबाचं राज येनार म्हनायचे, पन हतं मिठागरवाल्याचंच राज हुतं. उधान आलं, खांड पडली. बायांना पान्यात उभं केलं, म्होरून मरद मानसं चिखल टाकीत हुती. मिठागरवाल्याचं मीठ विरघलत हुतं ना, त्याला घाई. आय आत उभी हुती अन् मुकादम वरडला, भरली."

वाऱ्यानं माईकवर फुंकर घातल्यासारखा आवाज झाला.

"सगली मानसं पाठ फिरवून घरा गेली. रिवाजच तसा. सकालच्याला मुकादमानं गावात सांगलं, पुतली होडीवाल्यासंगं मुंबईला पलाली. तवापासून मी पलालेलीची पोर. माझं लगीन नाय झालं. पानवठ्यावर बाया मना वाट देत, पन बोलत नसत." मग तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. "तिनं चुलीवर माझ्यासाठी भाकर टाकून ठेवली हुती. पलून जानारी बाय भाकर टाकते काय गो?"

मालूताईंचे डोळे भरून आले. दत्तात्रेयानं हेडफोन काढून मान खाली घातली. एवढ्या बायकांचं रडणं त्यानं टेपवर घेतलं होतं, पण ही रडत नव्हती, त्यामुळं जास्त लागलं.

"हे माझं टीवीवर लागंल ना?" तिनं त्याला विचारलं. "मना दुसरं काय नको. येवढं गावानं आयकलं म्हंजे झालं."

"लागेल, आजी," तो म्हणाला. शब्द देणं त्याच्या हातात नव्हतं, तरी त्यानं दिला.

मालूताईंना मग ती हाक हवी झाली. खरी हाक, खऱ्या बांधावर, गाव गोळा होताना. ठमाबाईचा भाचा गुणाजी ऐकून उखडलाच. "बाई, खांड नसताना हाक देत नाय कोनी. खेल नाय तो."

सगळ्यांना वाटलं, म्हातारीही नको म्हणेल. ती म्हणाली, "मी देते."

अवस होती. अवसेला तिथं भर दुपारी उधाण येतं. बांधावर झाडाची सावली नाही, एका अंगाला मिठाचे पांढरे वाफे, दुसऱ्या अंगाला फुगत चाललेलं गढूळ पाणी. ऊन इतकं, की माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. कुजलेल्या शेवाळाचा आणि ओल्या गाळाचा वास नाकात बसला होता. एक बगळा होता, तोही उडून गेला. माणसं भुताला रात्री भितात; खाडीवरची माणसं दुपारी बांधावर एकटी जात नाहीत.

ठमाबाई बांधाच्या एका ठिकाणी जाऊन उभी राहिली. जागा कुणी दाखवली नव्हती. तिनं तोंडाला दोन्ही हात लावले.

"खांऽऽड! खांड गेली होऽऽऽ!"

त्या सुकलेल्या छातीत एवढा आवाज कुठं होता कोण जाणे. ठरल्याप्रमाणे माणसं घमेली घेऊन पळत आली, हसत, एकमेकांना ढकलत. कॅमेरा म्हणजे जत्राच.

"आलो, कालुरामाच्या घरचा!"

"आले, धोंडुबायच्या घरची!"

एकेक आवाज कानात येत गेला, जवळून, लांबून. मग सगळे आले आणि गप्प झाले. नुसतं पाणी बांधाला चाटत होतं. दत्तात्रेयानं आवाजाची पातळी वाढवली, त्याला ते पाणी नीट हवं होतं.

आणि पाण्याच्या मागून... नाही, मागून नाही. खालून. तो उभा होता त्या मातीच्या आतून, तोंडात काहीतरी भरलेलं असावं तसा, एका बाईचा आवाज आला.

"आले... ठमीच्या घरची..."

त्यानं हेडफोन ओरबाडून काढले. माणसं तशीच उभी होती, कुणी तंबाखू मळत होतं. कुणी काही ऐकलेलं नव्हतं. त्यानं पुन्हा हेडफोन लावले. आता नुसतं पाणी. पुतळी गेली तेव्हा ठमी परकर नेसणारी पोर होती. घर ठमीच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं ते कितीतरी वर्षांनी. हे त्या आवाजाला कुणी सांगितलं?

"कट! सुंदर!" मालूताई ओरडल्या. माणसं पांगायला लागली. गुणाजी मात्र पुढं आला, चेहरा काळवंडलेला.

"आत्ये, भरली म्हन."

"खांड पडलीच नाय, तं भरली कशी म्हनू?"

"आत्ये, म्हन गो..."

म्हातारीनं मान हलवली. दत्तात्रेय वायर गुंडाळत होता, त्याच्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "तू आयकलंस. तुज्या तोंडावर दिसतं."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली.

"फुकटची हाक दिली तर गाव मना वालीत टाकता. तुमी आलात, तुमच्या निमतानं द्याया मिलाली. पोरा, येकदा तिच्यावर भरली म्हटली मानसांनी. आता ती भायेर येईस्तवर मी म्हननार नाय."

"आणि... नाही म्हटलं तर?"

"तर हाक चालूच. ज्यानं आयकली त्यानं याचं." तिनं पायानं बांध चाचपला, लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. "चिखल घेऊन."

मुंबईला आल्यावर दत्तात्रेयानं ती टेप एकट्या मालूताईंना ऐकवली. आवाज टेपवर होता. बाई पांढऱ्या पडल्या, पण मागं हटल्या नाहीत. तो आवाज लावायचा नाही, पण म्हातारीचं बोलणं लावायचंच, असं म्हणून त्या वरिष्ठांकडे गेल्या. वरिष्ठांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हात झटकले. दुसरा साक्षीदार कुठाय? मिठागरवाल्याची नातवंडं आज कुठं कुठं बसलीत, ठाऊक आहे ना? मेलेल्या माणसांसाठी जिवंत माणसांशी वैर कोण घेतो? पुतळीचा विषय काढून टाकला गेला. हाक मात्र सगळ्यांना आवडली. ती राहिली, अगदी सुरुवातीला, वातावरणासाठी म्हणून. अशा वेळी राग येतो तो त्यांच्या वाईटपणाचा नाही, चवीचा येतो.

मालूताई खोली बंद करून रडल्या. दत्तात्रेयानं रजा टाकली आणि वरश्याला घरी आला. पेणमध्ये तो एसटीतून उतरला नाही. कुठल्या तोंडानं उतरणार होता?

कार्यक्रम लागला तो रविवार होता, आणि योग असा की अवसही. रंभाबाईनं कौतुकानं टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण काढलं, कपाळाला कुंकू लावून बसली. शेजारच्या घरांतही टीव्ही लागले होते, भिंतीपलीकडून तेच संगीत येत होतं. पडद्यावर बांध आला, उन्हानं पांढरा झालेला. ठमाबाईनं तोंडाला हात लावले.

"खांऽऽड! खांड गेली होऽऽऽ!"

मग निवेदिकेचा गोड आवाज सुरू झाला, मिठागरांच्या कष्टाळू संस्कृतीबद्दल. पुतळीचं नाव नाही, भाकरीचं नाव नाही. दत्तात्रेयाच्या डोळ्यांपुढं ती म्हातारी आली, गावच्या टीव्हीसमोर पदर सावरून वाट बघत बसलेली. त्याला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात शेजारून, अगदी सपाट आवाजात, रंभाबाई म्हणाली,

"आले. रंभाच्या घरची."

तो दचकून वळला. "आई? काय म्हणालीस?"

"काय?" ती पडद्याकडेच बघत होती. "मी कुठं काय म्हटलं?"

भिंतीपलीकडं कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं.

त्याला राहवेना. पहिली मिळेल ती गाडी धरून, नागोठण्यावरून तो पेणला आला आणि खाडीकडं गेला. बांधावर सगळा गाव होता. म्हातारीनं जिथं उभं राहून हाक दिली होती, बरोबर त्याच जागी बांध फुटला होता आणि पाणी धो धो आत येत होतं. गुणाजी गळ्यापर्यंत चिखलानं माखलेला होता.

"आत्येनं टीवी पुरा बघला," तो म्हणाला. "सरला तशी उठली. म्हनाली, लागलं नाय, पोरानं शब्द पालला नाय. मग म्हनाली, असू दे, आय येतेय. अन् हतं आली. आमी पोचलो तवा खांड पडली हुती... आत्ये नव्हती."

"बुडाली?"

"पान्यात उतरून सगलं बघलं. नाय भेटली." त्यानं खाली मान घातली. "बाजारात आत्ताच बोलतात, म्हातारी मुंबईला टीवीवाल्यांकडं पलाली."

दत्तात्रेय मटकन खाली बसला. त्याला रडू फुटलं, आणि त्यानं ते आवरलं नाही.

"खांड का बुजवत नाही?" त्यानं विचारलं.

"बुजवतो. चिखल ऱ्हात नाय. भरली म्हटल्याबिगर ऱ्हानार नाय, अन् ते म्हनाया कोनाची जीभ वलत नाय." गुणाजीनं त्याच्याकडं बघितलं. "हाक तू घराघरांत पोचवलीस. तूच म्हन."

तो उठला, खांडीकडं तोंड करून उभा राहिला. तोंडाला हात लावले. पाणी खळखळत होतं. त्याला काही जमलं नाही. तो तसाच माघारी फिरला, आणि गावानं त्याला अडवलं नाही.

रात्र पेणच्या एसटी स्टँडवर काढून दुसऱ्या दिवशी दुपारी तो वरश्याला घरी पोचला. दार उघडं, टीव्ही बंद, चुलीवरचं भाताचं पातेलं करपून गेलेलं. "आई?" मागच्या अंगणात गेला तर रंभाबाई उन्हात उभी होती, अनवाणी. डोक्यावर घमेलं. घमेल्यात काळाकुट्ट, ओला गाळ, त्याचं पाणी तिच्या कपाळावरून, कुंकवावरून ओघळत होतं. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. वरश्यात असला गाळ नाही. अंगणातली माती तर तांबडी होती.

"आई, हे कुठनं आणलंस? खाली ठेव."

"ठेवता येत नाय रे," ती थकल्या आवाजात म्हणाली. "मान मोडायला आली. कुणीतरी भरली म्हटल्याबगर..."

तो रिवाज त्यानं आईला कधी सांगितला नव्हता. तिची मान खरंच लटपटत होती, पाय कापत होते. घमेल्याला त्यानं हात घातला, पण ते जागचं हलेना. एवढीशी ती बाई, किती वेळ अशी उभी होती कुणास ठाऊक. जगात कुणाचं काय व्हायचं ते होवो, ही आपली आई आहे, एवढंच त्याला कळलं. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"भ..."

रंभाबाईनं झटकन हात पुढं करून त्याच्या तोंडावर ठेवला. हात बर्फासारखा गार होता. आणि ती बोलली ते तिच्या आवाजात नव्हतं. तोंडात माती भरलेल्या, खाडीकाठच्या बाईचा तो आवाज होता, हेडफोनमधला.

"नको रं म्हनू... ठमी आत हाय अजून..."

दत्तात्रेयानं तोंड मिटलं. हात हळूहळू खाली आला. आई पुन्हा तशीच, घमेलं डोक्यावर घेऊन, त्याच्याकडं लहान पोरीसारखी आशेनं बघत राहिली.

कुंपणापलीकडं, भर दुपारच्या शांततेत, कुणाची तरी ओली पावलं येऊन थांबली. मग आणखी कुणाची. हलक्या आवाजात एकेक जण आपल्या घराचं नाव सांगत होता.