मामांचा बाण

हे घडलेलं आहे. ऐकीव नाही, कुणी पुढे पाठवलेलं नाही. मी तिथे होते. मी देवाधर्माची बाई, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी. ज्या तोंडाने देवाचं नाव घेते, त्याच तोंडाने खोटं सांगून मला काय मिळणार?

भुताच्या गोष्टीत रात्र असते. इथे रात्र नव्हती. रविवारची लख्ख सकाळ होती. वारा पडलेला. वस्ती संपते तिथलं मोठं मोकळं मैदान, एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला फाटक. आणि वर आभाळ.

ते आभाळ लक्षात ठेवा.

आमच्या यांचं चष्म्याचं दुकान आहे. पन्नाशी आली की माणसं गुडघे धरून बसतात, यांनी धनुष्य धरलं. तेही जुन्या पद्धतीचं. अख्खं एका लाकडाचं, माणसाएवढं उंच. त्याला ना चाकं, ना नेम धरायची काच. ताणायचं, श्वास धरायचा, सोडायचं. बस्स.

घरभर लाकडाला चोळायच्या तेलाचा वास. कपाटात साड्यांशेजारी पिसं. माझ्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रिळं गायब.

"अहो, कुठे लढाईवर बोलावलंय का तुम्हाला?" मी विचारायची.

"बोलावलं तर डबा देशील ना?" हे म्हणायचे.

हे वेड लावलं सुतारमामांनी. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. जन्मभर दारं-खिडक्या केल्या आणि उतारवयात धनुष्यं करायला लागले. दर रविवारी मैदानावर जमणाऱ्या प्रत्येकाच्या हातातलं धनुष्य त्यांच्या हातचं होतं.

आणि मैदानावरचा नियमही त्यांचाच.

लांबच्या नेमाला लक्ष्य समोर नसतं. पार फाटकाजवळ जमिनीत एक निशाण रोवलेलं असतं. बाण त्याच्याकडे सरळ सोडून पोचत नाही, आभाळात सोडावा लागतो. तो वर जातो, दिसेनासा होतो, मग कुठेतरी खाली उतरतो. म्हणून नियम असा, की ज्याने बाण सोडला त्याने तो जमिनीला टेकेपर्यंत डोळा काढायचा नाही. टेकला की त्यानेच मोठ्याने म्हणायचं...

"आला!"

ते ऐकल्याशिवाय कुणी बाण सोडायच्या रेघेपुढे पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या कुणी 'आला' म्हटलेलं चालत नाही.

"सोडला म्हणजे सुटला असं नाही रे," मामा म्हणायचे. "टेकेपर्यंत तो आपलाच असतो."

आमच्या यांचे पाय नेमके उतावळे. बाण हवेत असतानाच एक पाय रेघेबाहेर.

"चष्मेवाले," मामा ओरडायचे, "एक दिवस तुम्ही बाणाच्या आधी पोचाल हं खाली. मग बसा आ करून."

सगळे हसायचे. मीही हसायची.

त्या रविवारी शेवटचा बाण मामांचा होता. मी शेडमध्ये थर्मासचं झाकण उघडून बसले होते. माझं ठरलेलं असायचं, मामांनी 'आला' म्हटलं की चहा ओतायचा.

मामांनी ताणलं. लाकूड करकरलं. दोरी वाजली.

टण्ण...

बाण गेला. दोन पांढरी पिसं आणि एक काळं, ही मामांच्या बाणाची खूण. वर, आणखी वर... आणि दिसेनासा झाला.

मी वाट पाहत होते.

कीर्तनाला बसून बसून माझे कान तयार झालेत. टाळाचा एक ठोका गळला तरी माझी मान वर होते. इथे तर अख्खा ठोकाच आला नाही. जमिनीत बाण रुततो तेव्हा 'थप्' असा आवाज होतो. दुरून येतो, पण येतो.

नाही आला.

मी मान वर केली. मामा तसेच उभे होते, नजर आभाळात. हातातलं धनुष्य हळूच खाली गेलं. मग गुडघे. मग मामाच.

तोंड उघडं होतं. जणू काही म्हणायचं होतं...

त्यानंतर कुणाला कसलं भान? आमची गाडी फाटकाबाहेर होती. हे कुणाला काही न विचारता धावत सुटले. सरळ मैदानातून. निशाणाच्या अंगावरून. गाडी आत आणली, मामांना मागच्या सीटवर घेतलं. उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, ते मैदानावरच गेले होते.

सगळं आटोपल्यावर पुढच्या रविवारी मंडळी बाण शोधायला गेली. मामांची आठवण म्हणून काचेच्या पेटीत ठेवणार होते. गवत विंचरून काढलं. फाटकापलीकडचा रस्ता पाहिला, गटार पाहिलं, समोरच्या गोदामाची छपरं पाहिली.

बाण नव्हता.

"नेला असेल कुणीतरी," वकीलसाहेब म्हणाले. मैदानावर मामांच्या खालोखाल त्यांचा शब्द चालायचा.

मी म्हटलं, "पण तो पडल्याचा आवाजच आला नाही."

"वहिनी, त्या गडबडीत आवाज कसला ऐकू येणार?"

पण गडबड नंतर झाली. त्याआधी सगळं शांत होतं. मी झाकण हातात धरून बसले होते ना.

मामी, म्हणजे मामांची बायको, एका दुपारी आमच्याकडे आल्या. कापडात गुंडाळलेलं मामांचं धनुष्य घेऊन.

"तुम्ही ठेवा," यांना म्हणाल्या. "माझ्यानं घरात ठेवायला होत नाही."

"आठवण येते का?" मी विचारलं.

मामींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "येते," म्हणाल्या. चहासुद्धा न घेता गेल्या.

यांनी धनुष्य बैठकीच्या भिंतीवर टांगलं. दोरी काढून. धनुष्य वापरात नसलं की दोरी उतरवून ठेवतात, नाहीतर लाकूड वाकतं ते वाकतंच. दोरी यांनी गुंडाळून खणात ठेवली. मी पाहिलं ती ठेवताना.

चार-सहा दिवस गेले असतील. दुपारची जेवणं झाली होती. हे पेपर वाचत होते, मी तांदूळ निवडत होते. पंखा बंद होता.

भिंतीवरून आवाज आला.

आधी करकर... हळूहळू, ताणल्यासारखी.

मग...

टण्ण.

मी भिंतीकडे पाहिलं. धनुष्य तिथेच होतं. सरळ. दोरीशिवाय.

यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. हे छताकडे पाहत होते. पेपर हातात तसाच. कितीतरी वेळ.

"अहो, काय बघताय?"

"थांब," हे म्हणाले. "टेकू दे."

तिथून हे बदलले.

रस्त्याने जाताना दुकानांच्या छपरांखालून चालायला लागले. मध्येच थांबायचे, वर बघायचे, मग पटकन ओलांडायचे. दुकानात गिऱ्हाईकाची खुर्ची दारातून उचलून आत ठेवली. मग स्वतः दुकानात जाणंच कमी केलं. महिना सरेपर्यंत शटर बंद.

जो माणूस रेघेवर क्षणभर थांबत नव्हता, तो अंगणात पाऊल टाकेना. कपडे वाळत घालायला मी गच्चीवर निघाले की माझा हात धरायचे.

"मामांनी 'आला' म्हटलं नाही गं," एकदा हळूच म्हणाले. "मी खालून धावलो. तो वर होता तेव्हा मी खालून धावलो."

"तुम्ही त्यांच्यासाठीच धावलात ना? देवाला दिसत नाही का ते?"

"देवाला दिसतं. बाणाला कुठे दिसतं?"

मी यांना पाणी आणून दिलं. पण हातावर हात ठेवून नवऱ्याला असं खचताना किती बघायचं? मी वकीलसाहेबांना फोन केला.

ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मनाचा खेळ आहे. आपण सगळे मैदानावर जमू. मामांच्या वतीने मी 'आला' म्हणतो. आपण सगळे निशाणापर्यंत चालत जाऊ. विषय संपेल."

मला पटलं. देवापुढे निरांजन लावून यांना कसंबसं बाहेर काढलं.

त्याही दिवशी वारा पडलेला होता. सगळे रेघेवर उभे राहिले. हे माझ्या शेजारी, घामाने चिंब. मामांचं धनुष्य यांच्याच हातात होतं, दोरी न चढवलेलं. मागे कुणी नव्हतं. मागे रिकामी शेड होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर सगळ्यांनी वळून वळून पाहिलं.

वकीलसाहेबांनी हात जोडले. आभाळाकडे तोंड केलं आणि कोर्टात बोलावं तसं खणखणीत म्हणाले,

"आला! मामा, बाण आला!"

मैदान शांत.

मग सगळ्यांनी एकदम पाऊल उचललं. यांनीही. माझ्या यांनी, इतक्या दिवसांनी, उघड्या आभाळाखाली पाऊल उचललं. मला भरून आलं.

आणि आमच्या मागून...

अगदी मागून, रेघेवरून...

"थांबा."

मोठ्याने नाही. रागाने नाही. मामा नवख्या माणसाला सांगायचे तसं. आवाज तोच. शेवटचं अक्षर थोडं ओढायची लकबही तीच.

सगळ्यांचे पाय जागच्या जागी थिजले. म्हणजे मी एकटीने ऐकलं नव्हतं.

आणि वर, खूप वर... पिसांचा आवाज. बाण अंगावरून जातो तेव्हा होतो तसा, कापड फाटल्यासारखा. तो जवळ आला. आणखी जवळ. माझ्या यांनी डोळे मिटले. मी यांच्या डोक्यावर दोन्ही हात धरले. वेडेपणाच, हाताने बाण अडतो का?

आवाज आमच्यावरून गेला.

मी 'थप्' ची वाट पाहिली.

नाही आला.

वकीलसाहेब पांढरेफटक पडले होते. ते सगळ्यांत आधी रेघेच्या मागे सरकले. एकेक जण मागे सरकला. त्या दिवसानंतर तिथे कुणी धनुष्य घेऊन गेलेलं नाही. फाटकाला कुलूप आहे.

मी मामींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हट्टी माणूस. देवाने भरल्या ताटावरून उठवलं तरी नजर बाणावर. अजून उभे असतील तिथे." आणि पदराने डोळे पुसले.

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी यांना मामांनी वाचवलं. आणि मामाही अडकलेत. बाण टेकेपर्यंत त्यांना डोळा काढता येत नाही.

हे आता दुकान उघडतात. छपराखालून जातात, छपराखालून येतात. हसतातही अधूनमधून. भिंतीवरचं धनुष्य मी काढू दिलं नाही. त्याचा आवाज येतो तेव्हा हे कुठे आहेत, ते मी आधी बघते.

कीर्तन संपताना सगळे आपापल्या माणसांसाठी काही ना काही मागतात. माझेही हात जुळतात. मामांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. वर केलेली मान, थकलेले डोळे. देवा, त्या म्हाताऱ्याला मोकळं कर, असं ओठांवर येतं...

आणि मी जीभ चावते.

कारण ते मोकळे होतील, तेव्हा बाण खाली आलेला असेल.