सरकलेला कंस

"माझं एक वाक्य चोरीला गेलंय," बाई खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाल्या.

बापूने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. खाजगी तपासाच्या या कचेरीत चोरीच्या नाना तऱ्हा त्याने ऐकल्या होत्या, ही नव्हती. त्याच्या थोरल्या बहिणीला गिऱ्हाइकांपासून पोलिसांपर्यंत सगळे ताईच म्हणत. ती मात्र जराही चमकली नाही.

"कोणाचं वाक्य?" ताईने विचारलं.

"माझ्या मुलीचं."

बाई शिवणकाम करायच्या. सुईने टोचलेली बोटं एकमेकांत गुंतवून त्यांनी सगळं सांगितलं. मुलीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. बाई लग्नाला गेल्या नाहीत आणि पुढे तीन महिने मुलीचा फोनही उचलला नाही. मग एका संध्याकाळी तिने बसमधून फोन केला. तोही वाजून वाजून थांबला. मुलीने फोनवर बोलून निरोप ठेवला, थांब्यावर उतरली आणि रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली.

"निरोप ऐकायची हिंमतच होईना. वर्ष गेलं आणि फोन बंद पडला. बिघडलेल्या फोनमधले आवाज काढून देणारं एक दुकान आहे, तिथे दिला. महिन्यापूर्वी त्यांच्या काउंटरवर ऐकला. शेवटी आवाज जरा खरखरला, मग ती म्हणाली, 'आई, माझा तुमच्यावर राग नाही.' मागे घड्याळाची टिकटिक. त्या दिवशी वर्षभराने मला घास गोड लागला."

"तुमच्यावर?"

"म्हणजे माझ्यावर आणि तिच्या बाबांवर." बाईंनी एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "आठवड्याने जावई दुकानातून हा घेऊन आले. यात ते वाक्यच नाही. शेवटी भलतंच काहीतरी आहे. त्यांनीच कापलं असणार. पहिल्यापासून मला पाण्यात बघतात."

ताईने निरोप लावला. बसच्या घरघरीतून एक दमलेला आवाज आला. नव्या घरातला नळ गळतो, निळा पडदा शिवून हवाय, असलंच काहीबाही. शेवटी: "चल, थांबा आला. उद्या परत करते. तेव्हा तरी उचल."

एकेचाळीस सेकंद. बाईंकडच्या काउंटरच्या पावतीवरही लांबी एकेचाळीस सेकंदच होती. ताईने दोनदा पाहिली.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. तो एका इमारतीच्या तळाशी ग्रीसने माखलेल्या हातांनी उभा होता.

"पाकीट बंद होतं, तसंच नेऊन दिलं. मी ऐकलंसुद्धा नाही. शेवटचं बोलणं तिने आईसाठी ठेवलं होतं, माझ्यासाठी नाही."

"आईबाबांवर तिचा राग होता?"

"आईंवर होता. बाबांवर कशाला असेल? ते लग्नाला आले होते. फोटोत माझ्याच शेजारी उभे आहेत."

परतताना बापू म्हणाला, "हाच. डोळे बघितलेस? लाल."

"ग्रीस लावलेल्या हाताने डोळे पुसले की होतात," ताई म्हणाली. "आणि रडल्यानेही होतात, बापू."

दुकानातला प्रोग्रामर चाळिशीचा, सौम्य माणूस होता.

"त्या दिवशी गर्दी होती," तो म्हणाला. "बारा घरांचे निरोप एकाच वेळी चढवलेले. आवाज अडखळायला लागला, म्हणून प्रोग्रामचा एक तुकडा अनसेफमध्ये लिहिला. ड्राइव्हवर उतरवतो तो प्रोग्राम वेगळा. हळू चालतो, पण साधा आहे."

"अनसेफ म्हणजे असुरक्षित ना? मग लिहिता कशाला?" बापूने विचारलं.

"वेग मिळतो. प्रोग्रामच्या या भाषेत मेमरीची आवराआवर भाषाच करते. सफाईवाला म्हणा ना. जागा मोकळी करायला तो वस्तू इकडच्या तिकडे सरकवतो आणि कुठली कुठे गेली ते लक्षात ठेवतो. अनसेफमध्ये आपण पॉइंटर घेतो, म्हणजे थेट त्या जागेचा पत्ता. काम होईपर्यंत ती वस्तू तिथेच खिळवून ठेवायची."

"खिळा कधी निघतो?" ताईने विचारलं.

"त्या ओळी ज्या महिरपी कंसात लिहितो, तो बंद झाला की."

ताईने प्रोग्राममधल्या बदलांची नोंद मागितली. बाईंनी निरोप ऐकला त्याच संध्याकाळची एक ओळ होती: 'कंस अकरा ओळी खाली.'

"हे काय?"

"किरकोळ," तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने बाईंना आणि जावयाला दुकानातच बोलावलं. बाई जावयापासून चार हात लांब बसल्या.

"वाक्य कोणी कापलेलं नाही," ताई म्हणाली. "कापलं असतं तर निरोप आखूड झाला असता. दोन्ही वेळा एकेचाळीस सेकंदच भरतात. म्हणजे काउंटरवर शेवटच्या सेकंदांच्या जागी दुसरंच काहीतरी वाजलं. धावत्या बसमध्ये भिंतीवरचं घड्याळ कुठून येणार?"

प्रोग्रामरने मान खाली घातली.

"यांनी कंस अकरा ओळी आधीच बंद केला होता. खिळा निघाला, तरी प्रोग्राम तोच पत्ता धरून वाचत राहिला. गर्दीमुळे नेमकी तेव्हाच आवराआवर झाली. तुमच्या मुलीचा आवाज दुसरीकडे सरकला आणि त्या जागी दुसऱ्या घरचा निरोप येऊन बसला. पत्ता तोच, माणूस वेगळं."

"पण ती 'आई' म्हणाली," बाई म्हणाल्या.

"'आई, माझा तुमच्यावर राग नाही.' तुम्ही ते दोघांवर घेतलंत. पण बाबांवर राग असण्याचं कारणच नव्हतं. ते 'तुम्ही' एकाच बाईला होतं. कुठलीतरी सून सासूशी बोलत होती. तुमची मुलगी तुम्हाला काय म्हणायची?"

जावई हळूच म्हणाला, "तू."

"चूक मला त्याच संध्याकाळी कळली," प्रोग्रामर म्हणाला. "दुरुस्त केली. पण तुम्ही इथून हसत गेला होतात. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"मला दुसऱ्याचं सुख दिलंत आणि महिनाभर राहू दिलंत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकायला फार जड गेलं. "म्हणजे ती रागातच गेली."

"ते मला सांगता येणार नाही," ताई म्हणाली. "तिचं आहे ते एवढंच."

तिने तो शेवट पुन्हा लावला. *चल, थांबा आला. उद्या परत करते. तेव्हा तरी उचल.*

बाईंनी तोंडावर पदर धरला. तीन आठवडे त्यांनी हे शब्द भलतेच म्हणून झटकून टाकले होते. बापूने खिडकीकडे तोंड फिरवलं. जावई हे शब्द पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचे खांदे हलायला लागले, आणि त्याला धरायला कोणीच नव्हतं.

बाई उठल्या. चार हातांचं अंतर चालून त्याच्या शेजारी बसल्या. लग्नापासून त्या त्याला अहोजाहो करत आल्या होत्या, परक्याला करतात तसं.

"तुझ्याकडचा नळ अजून गळतो का रे?" त्यांनी विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"उद्या मला फोन कर. मी उचलीन."