खंडेनवमीला बांधलेली फाईल

लातुरात गंजगोलाईजवळ, आडत दुकानाच्या वरच्या खोलीत अमरेशचं एक यंत्र होतं. त्याची भागीदार दामिनी नांदेडहून कोड धाडायची. कोड आला, की यंत्र आपसूक त्याचं ॲप बांधायचं आणि तयार फाईल तारीखवेळेसकट जपून ठेवायचं. याला ही मंडळी बिल्ड म्हणतात. सोय अमरेशनंच बसवलेली. यंत्र सांगितलं तेवढंच करतं, असं छातीठोक सांगणारा गडी तो.

ॲप पुराच्या इशाऱ्याचं. वरच्या बंधाऱ्याचं दार उघडायचं झालं, की नदीकाठच्या गावांतले फोन भोंग्यागत बोंबलायचे. सगळे बोंबलत, रेणापूरकडची एक वाडी तेवढी मुकी. आणि नेमकं त्याच वाडीत, अगदी काठावर, अमरेशची बहीण अंबिका नुकती बाळंत झालेली. वर पाऊस कोसळत होता. दोष काही सापडेना.

त्यात आली खंडेनवमी.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," कमलम्मा जिन्यातूनच गरजल्या.

"आई, हत्यार कुठलं, संगणक हाय तो."

"पोट कशावर भरतोस? मग हत्यारच की!"

त्यांनी सकाळीच स्वतः वायर उपटली, यंत्रावर विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचा हार घातला.

दसऱ्याच्या सकाळी अमरेशनं हार बाजूला सारून यंत्र सुरू केलं. फोल्डरात एक नवी फाईल होती. वेळ, आदल्या दुपारची.

त्यानं दामिनीला फोन लावला. "काल कोड धाडलास का गं?"

"येडा हायस का? आमच्या लॅपटॉपवर अजून कुंकू हाय."

"मग हे बांधलं कुणी?"



त्यानं ती फाईल आपल्या फोनात टाकली, फोनला आपण वाडीत आहोत असं भासवलं. फोन खणखणीत वाजला. कोड उघडून पाहिला, तर त्यात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. त्याच कोडाचं पुन्हा बिल्ड केलं, ते मुकं. अमरेशचे हात नकळत जोडले गेले.

"कुणाची हाय ते ठाऊक न्हाई, अन् लोकांच्या फोनात टाकतोस?" दामिनी म्हणाली.

"माझी भाची काठावर हाय, दामिनी."

त्यानं फाईल सगळ्या गावांना धाडली.

दुपारी पडद्यावर उमटलं: वाडीतले फोन वाजले.

इशारा कुणी दिलाच नव्हता. त्यानं बंधाऱ्यावर विचारलं. दार बंद होतं.

पाणी दारातून आलं नाही. बाजूची माती फोडून आलं.

अंबिकाचा फोन लागला तेव्हा ती शाळेच्या गच्चीवर होती.

"समदे वर आलेत, दादा. घर गेलं. पण ते हाका मारायचं कधी बसवलंस?"

"कसल्या हाका? नुसता भोंगा हाय तो."

"न्हाई रे. एकेकाला नावानं बोलावलं फोननं. सासूबाईला, ह्यांना, मला. बाळालासुदिक."

"बाळाचं तर बारसं व्हायचंय."

"हाव."

मागं नुसतं पाणी वाजत होतं.

"मी मनात धरलं होतं ना, तेच नाव घेतलं, दादा. ह्यांनासुदिक सांगितलं न्हवतं मी."